मामा रिटायर झाले, मामीचं काय?

‘‘तू रायपूरला मामाकडे जातेच आहेस, तर माझं एक काम कर,’’ आई फोनवर म्हणाली. मला वाटलं, पापड-कुरडयांचा डबा न्यायचा असेल. पण काम वेगळंच निघालं. ‘‘रिटायर झालेला माणूस दिवसभर घरात कसा असतो, ते नीट बघून ये. आणि त्याच्यापेक्षा मामी कशी आहे, ते बघून ये.’’

कारण आमच्या घरीही तो दिवस जवळ येतोय. येत्या ३१ मे रोजी बाबा निवृत्त होणार. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की बहुतेकांना ‘नमस्कार’ म्हणायचा. बाबांचा कागदावरचा जन्म १ जूनचा. खरी तारीख आजीलाही आठवत नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती टाकली! त्या काळच्या अशा हजारो ‘एक जून’वाल्यांची निवृत्ती ३१ मेला येते. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियमच आहे. माझे मामाही त्याच जातीचे, फक्त त्यांची तारीख १ जुलै. दीड वर्षापूर्वी, ३० जूनला, वयाच्या साठाव्या वर्षी ते बँकेतून निवृत्त झाले.

तेव्हा ही रायपूरची सहल म्हणजे थोडं फिरणं, थोडा पाहुणचार आणि थोडी हेरगिरी.

कॉलनी नव्हे, कॉलोनी!

आदल्या रात्री मुंबईहून सुटलेली हावडा मेल दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रायपूरला पोचवते. अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. गोंदिया मागे पडलं की मराठी पाट्या संपतात, मग जंगल आणि बोगदा लागतो, आणि डोंगरगडला टेकडीवरचं बमलेश्वरीचं मंदिर गाडीतूनच दिसतं. डब्यातले निम्मे लोक हात जोडतात. तिथून राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि मग रायपूर.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला मी सवयीने ‘समता कॉलनी’ म्हटलं. त्याने लगेच दुरुस्ती केली, ‘‘समता कॉलोनी, मैडम?’’ इथे पाट्यांवर, पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी ‘कॉलोनी’च आहे. आता तर मामाही तसंच म्हणतात.

रायपूरच्या पश्चिम भागातली ही जुनी वस्ती. शेजारी चौबे कॉलोनी, पलीकडे जीई रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. या रस्त्याने पुढे गेलं की एनआयटी आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ लागतं. कॉलोनीत गायत्री मंदिर आहे, राधाकृष्ण मंदिर आहे, खाटू श्यामचं मंदिर आहे. अग्रसेन चौकाकडे गेलं की दुकानांची गर्दी. मारवाडी, गुजराती, सिंधी, छत्तीसगढी आणि मराठी अशी सगळी घरं एकमेकांना लागून. सकाळी एका घरातून गायत्री मंत्र ऐकू येतो, तर दुसऱ्या घरातून कुकरची शिट्टी. जुने एकमजली बंगले अजून आहेत. फाटकाशी मुनग्याचं, म्हणजे आपल्या शेवग्याचं झाड, आणि ओट्यावर वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बहुधा एक निवृत्त गृहस्थ!

इतक्या लांब मराठी माणसं आली कुठून, असं मुंबईत मला नेहमी विचारतात. उत्तर जुनं आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले, आणि पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तरी नागपूरशी नातं तुटलं नाही. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि पुढे भिलाईचा पोलाद कारखाना यांच्या निमित्ताने माणसं येत राहिली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० मध्ये सुरू करणारे आणि हिंदीत मोठं नाव मिळवलेले माधवराव सप्रे इथलेच. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. तात्यापारा हा जुना मराठी मोहल्ला आजही आहे. चौबे कॉलोनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं. मंडळाचं दिव्यांग मुलींचं वसतिगृह तर समता कॉलोनीतच आहे.

मामांच्या घरचं मराठीही या इतिहासासारखंच, थोडं नागपूरचं, थोडं हिंदीचं. ‘‘ये बेटा, ये! चाय घेशील न?’’ असं म्हणत मामांनी फाटक उघडलं. आणि पहिला धक्का तिथेच बसला. चहा करायला ते स्वतः आत गेले!

उशीखालच्या चाव्या

हा धक्का का, ते कळण्यासाठी मामांची नोकरी कळायला हवी. छत्तीस वर्षं बँकेत. अंबिकापूर, कोरबा, जगदलपूर, परत कोरबा. मुलांच्या शाळा रायपूरला आणि आजी आजारी, म्हणून मामी कायम समता कॉलोनीत. मामा शनिवारी रात्री यायचे, रविवारी रात्री निघायचे. शेवटची चार वर्षं राजनांदगावच्या शाखेत होते तेव्हा रोजचं ‘अप-डाउन’. सकाळी साडेसातला बाहेर, रात्री नऊला घरात. थोडक्यात, स्वतःच्या घरात ते पस्तीस वर्षं पाहुणेच होते. चांगले, लाडके, पण पाहुणे.

‘‘बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात,’’ मामांनी मला पहिल्याच संध्याकाळी समजावलं. ‘‘एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एकट्या मॅनेजरला वाटलं म्हणून उघडेल, असं नाही. छोट्या शाखांमध्ये दुसरी चावी माझ्याकडे असायची. बावीस वर्षं चाव्यांचा जुडगा उशीखाली ठेवून झोपलो.’’

निवृत्तीनंतर कित्येक महिने ते मध्यरात्री दचकून उठत आणि उशीखाली हात घालत. चाव्या नाहीत! काळजात धस्स व्हायचं. मग आठवायचं, आपण त्या ३० जूनला सही करून दिल्यात.

पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे सांगितले, त्यात एका टप्प्याला चक्क ‘मधुचंद्र’ असं नाव आहे. उशिरा उठा, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, गावाला जा. मामा-मामी मुलाकडे बंगळुरूला जाऊन आले, मुलीकडे पुण्याला जाऊन आले. आझाद हिंद एक्स्प्रेसने पुणे थेट पडतं. रेल्वेच्या तिकिटावरची ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली, तेवढीच काय ती कुरकुर. ॲचलींनी पुढच्या टप्प्याला भ्रमनिरास म्हटलंय. तो दिवाळीनंतर समता कॉलोनीत दाखल झाला.

घराचं इन्स्पेक्शन

‘‘यांनी घराचं ऑडिट सुरू केलं!’’ मामी सांगत होती, आणि मामा चष्मा पुसत होते.

आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मग दुधाची वही आली. झाडू-पोछा करणारी बाई किती वाजता येते, याची नोंद होऊ लागली. एक दिवस तर ‘पाच मिनिटं लेट’ म्हणून तिला जाब विचारला. तेरा वर्षं येणारी बाई ती. ‘‘भाभीजी, साहब का ट्रान्सफर फिर कब है?’’ असं तिने मामीला विचारलं! शनिवारी दुपारी आसपासच्या बायका मामीकडे रामरक्षा म्हणायला जमायच्या. मामा दिवाणखान्यात टीव्ही लावून बसलेले. बायका बिचाऱ्या आतल्या खोलीत दाटीवाटीने बसू लागल्या, आणि हळूहळू येईनाशा झाल्या. मामी भाजीला निघाली की ‘किती वाजता येणार?’, फोनवर बोलली की ‘कोण होतं?’ आणि दर दीड तासाने चहा.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. जपानी भाषेत अशा निवृत्त नवऱ्याला ‘ओलं गळालेलं पान’ म्हणतात. पावसाने भिजलेलं पान कसं चपलेला चिकटतं, झटकलं तरी सुटत नाही, तसा हा बायकोला चिकटलेला! नोबुओ कुरोकावा या जपानी डॉक्टरांनी तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निरीक्षण मांडलं, की नवरा निवृत्त झाल्यावर अनेक बायकांना डोकेदुखी, निद्रानाश, पोटाचे विकार सुरू होतात. त्यांनी त्याला रोगासारखं नावही दिलं. हे मी मामीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाप्पा! म्हणजे माझं तेव्हाचं डोकं उगाच नव्हतं दुखत.’’

पण मामांची बाजूही ऐकायला हवी. त्याच दिवसांत एकदा ते पासबुक भरून घ्यायला म्हणून आपल्या जुन्या शाखेत गेले. खरं काम काहीच नव्हतं. नुसतं डोकावायचं होतं. कर्मचारी बदललेले, मॅनेजर तरुण. त्या मुलाने मान वर न करता सांगितलं, ‘‘अंकल, टोकन ले लीजिए।’’ मामांनी टोकन घेतलं आणि ज्या हॉलमध्ये त्यांना पाहून लोक उभे राहत, तिथे बाकावर वीस मिनिटं बसले. ‘‘त्याचं काही चुकलं नाही, बेटा. मीसुद्धा कितीजणांना तसंच म्हटलं असेल,’’ ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी हे मामीला सांगितलं नाही. त्याऐवजी वरणात मीठ जास्त झालंय म्हणून आवाज चढवला.

दुखणं एकीकडचं आणि ओरडणं दुसरीकडे. निवृत्तीनंतरच्या बऱ्याच भांडणांचं मूळ हेच असावं.

‘मी कधी होणार रिटायर?’

त्या मिठाच्या दिवशी मामी ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, ‘‘तुम्ही रिटायर झालात. मी कधी होणार?’’

मामांकडे उत्तर नव्हतं. तुमच्याआमच्या घरात कुणाकडे असतं?

निवृत्ती ही तशी नवी गोष्ट आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा केला, तेव्हा वय ठेवलं होतं सत्तर. तिथवर फार थोडे पोचत. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलं आहे. साठी गाठलेल्या माणसापुढे अजून सरासरी अठरा वर्षं असतात. सरकारंही वय पुढे सरकवतात. छत्तीसगडने २०१३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय साठावरून बासष्ट केलं. पण हे सगळे हिशोब ऑफिसात जाणाऱ्यांचे. घर चालवणारीचा निवृत्तीचा दिनांक कुठल्याच नियमात नाही. उलट नवरा निवृत्त होतो त्या दिवशी तिची ड्युटी वाढते. दुपारचं साधं जेवण चालायचं, तिथे गरम पोळ्या आल्या.

त्या जानेवारीत मामी नागपूरला बहिणीकडे निघून गेली. भांडून नव्हे, सांगून. ‘‘बारा दिवस राहीन. फ्रीजमध्ये काही करून ठेवलेलं नाही.’’ निघताना तिने घराची चावी मामांच्या हातात दिली. तेव्हा कुठे मामांच्या लक्षात आलं, की निवृत्त होऊन सात महिने झाले, पण या घराची चावी आपल्याकडे कधी नव्हतीच! तिजोरीची होती, लॉकररूमची होती, शाखेच्या शटरची होती. घराची लागलीच नाही. दार उघडायला कुणीतरी असायचंच.

पाटी नसलेली शाखा

ते बारा दिवस मामा फार गमतीने सांगतात, पण सांगताना मध्येच गप्प होतात.

पहिल्या दिवशी सकाळी दूधवाला. ‘‘भाभीजी नहीं हैं क्या?’’ दुसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्यातल्या वयस्कर बाई गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे मामी दर आठवड्याला कागदाच्या पुड्या करून त्यावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायची. तिसऱ्या दिवशी शेजारची सातवीतली मुलगी गणिताची वही घेऊन. मग झाडू-पोछावाली, जिच्या मुलाच्या फीचे पैसे मामी दर महिन्याला बाजूला ठेवून द्यायची, कारण तिच्या घरात ते टिकत नसत. त्याची वेगळी छोटी वही होती. मामांनी ती उघडून पाहिली. एक पैशाची चूक नाही.

‘‘छत्तीस वर्षं मी समजत होतो, शाखा मी चालवतो,’’ मामा म्हणाले. ‘‘ही तर इथे पाटी न लावता चालवत होती. ठेवी, कर्ज, लॉकर, सगळं! आणि मी येऊन काय केलं, तर तिच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या.’’

चौथ्या दिवशी गॅस संपला. सिलिंडरचं पुस्तक कुठे आहे ते माहीत नाही. नागपूरला फोन करायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं. दीड तास शोधून ते देवघराच्या खालच्या खणात सापडलं. पाचव्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतः भाजी आणली. कोपऱ्यावर टोपलीत भाजी घेऊन बसणारी छत्तीसगढी बाई मामीच्या ओळखीची. तिने मामांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, ‘‘कका, आज तिवरा भाजी लाए हंव, ले जा न!’’ तिवरा म्हणजे विदर्भातली लाखोळी. कोवळा पाला लसूण-मिरची घालून परततात. कसा करायचा तेही तिनेच सांगितलं. मामांनी केला. थोडा करपला, पण खाल्ला. आयुष्यातली स्वतः रांधलेली पहिली भाजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

आणि मग त्यांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. वाळलेला गोंद निघेना, म्हणून गरम पाण्याने घासून काढल्या.

मामी परत आली. तिने स्वयंपाकघर पाहिलं, डबे पाहिले, काही बोलली नाही. मामाही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी चौकातल्या चावीवाल्याकडून त्यांनी घराची दुसरी चावी करून आणली. मामी मला हे सांगताना हसून म्हणाली, ‘‘आता हेही तिजोरीसारखंच. दोन चाव्यांचं घर.’’

हप्त्याहप्त्याने निवृत्ती

नंतर दोघांनी बसून चक्क करार केला. बँकवाल्याचं घर ते! सकाळी दहापर्यंत स्वयंपाकघर मामीचं, तिथे सूचना चालणार नाहीत. शनिवारी दुपारी दिवाणखाना रामरक्षेच्या बायकांचा, मामांनी बाहेर जायचं. संध्याकाळचा चहा रोज मामांनी करायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम, रविवारी मामीला पूर्ण सुट्टी. ‘‘एकदम रिटायर होता येत नाही न मला,’’ मामी म्हणाली, ‘‘म्हणून हप्त्याहप्त्याने होते आहे.’’

मी गेले त्या आठवड्यातला रविवार पाहिला. मामांनी चीला केला. तांदळाच्या पिठाचं छत्तीसगढी धिरडं ते, सोबत टोमॅटोची चटणी. पहिले दोन फाटले. ‘‘ते कार्यालयीन प्रत,’’ म्हणून त्यांनी स्वतःच्या ताटात घेतले. मामी ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसली होती. त्या खुर्चीत मी तिला पूर्वी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

मामांचा दिवसही आता बांधलेला आहे. पहाटे जीई रोडवरच्या अनुपम गार्डनमध्ये फिरणं. तिथे निवृत्तांचा एक कट्टा जमतो. मीही गेले. गंमत अशी, की तिथे माणसांना नावं नाहीत. एक ‘इरिगेशनवाले’, एक ‘रेलवेवाले’, एक ‘भिलाईवाले’. मामा ‘बैंकवाले’. ‘‘माणूस रिटायर होतो, त्याचं खातं होत नाही,’’ मामा हळूच म्हणाले.

या कट्ट्यावरूनच त्यांना नवं काम मिळालं. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. पण म्हाताऱ्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवून मोबाइलवर दाखला देता येतो. फोन, आधार क्रमांक आणि पेन्शनचा पीपीओ क्रमांक एवढं लागतं. मुलं परगावी असलेल्या कितीतरी घरांत हे करून देणारं कुणी नसतं. गेल्या नोव्हेंबरमध्ये मामांनी ओट्यावर टेबल मांडलं आणि गल्लीतल्या पेन्शनरांचे दाखले भरून दिले. समोरच्या आजींना पापण्या मिटवून उघडायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘अब जिंदा हूँ यह दिखाने के लिए आँख भी मारनी पड़ेगी?’’ अख्खी गल्ली हसली.

त्या टेबलावर मामा आणखी दोन गोष्टी प्रत्येकाला सांगतात. निवृत्तीच्या वेळी हातात आलेली मोठी रक्कम पहिले सहा महिने कुणाच्याही सांगण्यावरून नव्या ठिकाणी गुंतवू नका. पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख झाली आहे, आधी ती समजून घ्या. आणि फोनवर कुणी पोलीस किंवा साहेब बनून धमकावलं, तर फोन ठेवा, बायकोला सांगा आणि फसलात तर ताबडतोब १९३० वर कळवा. ‘बायकोला सांगा’ हे ते मुद्दाम जोर देऊन म्हणतात. ‘‘दोन चाव्या,’’ मला बघून त्यांनी पुस्ती जोडली.

मामीचंही क्षेत्र वाढलं आहे. रविवारच्या सुट्टीत दोन मैत्रिणींना घेऊन ती कधी सिनेमाला जाते, कधी दिव्यांग मुलींच्या वसतिगृहात थोडा वेळ काढते. घरी मामा आहेत. गोळ्यांच्या पुड्या मामा बांधतात. मात्र सूर्य-चंद्र मामीच काढते, मामांचा चंद्र तिला पसंत नाही.

सगळं गोड झालंय, असं मात्र समजू नका. मी होते तेवढ्यात दोनदा खटका उडाला. एकदा टीव्हीच्या आवाजावरून, एकदा मामांनी फ्रीजमधली भाजी ‘शिळी आहे’ म्हणून टाकून दिली त्यावरून. ‘‘ऑडिट परत सुरू!’’ मामी आतून म्हणाली. आणि एका रात्री पाणी प्यायला उठले, तर दिवाणखान्यात अंधारात मामा एकटेच बसलेले. ‘‘चाव्या शोधत होतो,’’ ते ओशाळं हसले. ‘‘अजून होतं कधीकधी.’’ मी जवळ बसले. थोड्या वेळाने आतून मामीची हाक आली, ‘‘अहो, मिळाल्या का?’’ तिला सगळं ठाऊक होतं. मामा उठून आत गेले.

आईला काय सांगू?

निघायच्या दिवशी मामांनी मला स्टेशनवर सोडलं. गाडीला वेळ होता, म्हणून फलाटावरूनच आईला फोन लावला.

‘‘काय बघितलंस?’’ तिने पहिला प्रश्न केला.

मी तिला चाव्यांचं सांगितलं, गॅसच्या पुस्तकाचं, तिवरा भाजीचं आणि रविवारच्या फाटक्या चील्यांचं सांगितलं. म्हटलं, ‘‘आई, ३१ मेची वाट बघू नकोस. बाबांना आत्तापासून चहा शिकव. गॅसचं पुस्तक कुठे असतं ते दाखव. आणि घराची एक चावी त्यांच्या खिशात असू दे. ते ऑफिसातून आले आणि आपल्या दोघींपैकी कुणी घरात नाही, असं एकदा होऊन जाऊ दे.’’

‘‘त्यांना राग येईल.’’

‘‘मामांनाही आला असेल. पण ऑफिसातून उठल्यावर कुठे बसायचं, हे कुणीतरी त्यांना सांगायला नको का? नाहीतर ते येऊन तुझ्याच खुर्चीत बसतील.’’

पलीकडे आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, फोन कटला. मग तिचा आवाज आला, थोडा लाजल्यासारखा.

‘‘अगं, रविवार नको पण. रविवारी सगळेच घरी असतात. माझी सुट्टी आपण बुधवारी ठेवू.’’